अर्जात रात्रीचा रकाना नसतो

वृद्धाश्रमाच्या प्रवेश अर्जात नाव, वय, आजार, औषधं, उत्पन्न, नातेवाईक असे सगळे रकाने असतात. रात्रीचा रकाना नसतो. पुण्यातल्या एका धर्मादाय संस्थेत प्रवेशाचं टेबल सांभाळताना आम्ही तो समासात पेन्सिलीने वाढवला, कारण प्रवेश टिकणार की पंधरा दिवसांत मोडणार हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. दिवसा चहा-जेवणाच्या वेळा माणसाला धरून ठेवतात, डॉक्टर फेरी मारून जातात, भेटायला कोणी ना कोणी येतं. रात्री मात्र एका मजल्यावर दोन मावशी आणि गेटवर रखवालदार, एवढ्यावर सगळं चालतं. पहिल्या फोनपासून तिसऱ्या महिन्यापर्यंत ही प्रक्रिया कशी जाते आणि कुठे फसते, ते लिहितो आहोत.

फोनवर आम्हाला पहिला प्रश्न येतो, ‘महिन्याचे किती घेता?’ आमचा पहिला प्रश्न असतो, ‘संडासला स्वतःचे स्वतः जातात का?’ पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो. पण पुढची वाट याच उत्तरावरून फुटते. स्वावलंबी, थोडा आधार लागणारे, अंथरुणाला खिळलेले आणि स्मृतिभ्रंशाचे असे ढोबळ चार गट पडतात. प्रत्येक गटाची जागा वेगळी, माणसं वेगळी, दर वेगळा. नव्या पेठेतला ‘निवारा’ हा वृद्धाश्रम एकोणिसाव्या शतकात दानशूर व्यापारी डेव्हिड ससून यांच्या नावाचं ‘अनाथ पंगू गृह’ म्हणून निघाला. ज्याला कोणी नाही त्याला छप्पर द्यायचं, हा तेव्हाचा विचार. आज फोन करणाऱ्यांच्या घरी छप्पर असतं, माणसंही असतात. ती रात्री जवळ नसतात, किंवा रात्र रात्र जागून मेटाकुटीला आलेली असतात.

प्रतीक्षायादीबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकावा. ती रेशनच्या रांगेसारखी सरळ सरकत नाही. खोल्या दोघा-तिघांच्या असतात, त्यामुळे पुरुषांच्या खोलीत रिकामी झालेली खाट यादीत पहिल्या असलेल्या आजींच्या उपयोगाची नसते. स्वावलंबी मजल्यावरची खाट परावलंबी माणसाला देता येत नाही. जोडप्यांच्या खोल्या तर मोजक्याच. दोघांपैकी एक गेलं की मागे राहिलेल्याला सामायिक खोलीत जावं लागतं, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि प्रवेशाच्या वेळी तो कोणी वाचत नाही. ‘आमचा नंबर कितवा?’ याऐवजी ‘आमच्या गटात, आमच्या खोलीसाठी कितवा?’ असं विचारावं आणि एकाच वेळी दोन-तीन संस्थांत नाव घालून ठेवावं. त्यात कोणाला वाईट वाटत नाही.

कधी कधी आम्हीच सांगतो, की तुम्हाला वृद्धाश्रम नको आहे. अडचण फक्त दिवसाची असेल, म्हणजे घरातले सगळे कामावर जातात आणि आजोबा एकटे पडतात, तर दिवसभराचं देखभाल केंद्र पुरतं. चालते-फिरते असतील तर महापालिकेचं विरंगुळा केंद्र आणि जेवणाचा डबा पुरतो. अडचण फक्त रात्रीची असेल तर ब्युरोची, म्हणजे घरी मदतनीस पाठवणाऱ्या संस्थेची, रात्रपाळीची मावशी महिनाभर ठेवून बघावी. घर सुटल्यावर माणूस परत घरात रुजवणं सोपं नसतं.

त्यानंतर प्रत्यक्ष भेट. सहा गोष्टी बघतो: अंघोळ, कपडे, संडास, उठणं-बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवण. १९६३ सालापासून जगभर वापरली जाणारी अमेरिकी डॉक्टर कॅट्झ यांची मोजपट्टी हीच. जमतं त्याला एक गुण, नाही त्याला शून्य. हे साधारण एका क्रमाने सुटत जातं. अंघोळ आधी सुटते, घास सर्वांत शेवटी. म्हणून ‘जेवतात हो अजून आपल्या हाताने’ या वाक्यावरून आम्हाला फारसं काही कळत नाही. अंघोळीला बाहेर कोणी उभं राहतं का, पाठीला साबण कोण लावतं, हे सांगितलं तर कळतं.

मग खुर्ची. हात असलेली साधी खुर्ची, तिच्यापासून तीन मीटरवर फरशीला चिकटवलेली पट्टी. उठायचं, पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी रोज वापरत असतील तर काठीसकट. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतो. पण घड्याळापेक्षा डोळ्यांनी जास्त दिसतं. उठताना दोन्ही हात खुर्चीवर रेटले का, पाऊल उचललं की घासत नेलं, वळताना एका गिरकीत वळले की सात-आठ बारीक पावलं टाकली, बसताना मागे न बघता अंग टाकून दिलं का. वळणाशी अडखळणारा माणूस रात्री अंधारात संडासच्या दारातच पडतो, कारण तिथेच वळायचं असतं.

या चाचणीच्या दिवशी घरचे एक चूक हमखास करतात. आजी शांत दिसाव्यात म्हणून आदल्या रात्री झोपेची अर्धी गोळी जास्त देतात. आजी शांत दिसतात खऱ्या. पण चालताना लटपटतात, प्रश्नांना उत्तरं देत नाहीत आणि आहेत त्याहून जास्त परावलंबी ठरतात. याच्या उलट दुसरी चूक: ‘काही त्रास नाही, नुसतं वय झालंय.’ असं सांगून स्वावलंबी मजल्यावर प्रवेश मिळतो, दर कमी पडतो, आणि आठव्या दिवशी रात्री अडीचला आम्ही फोन करतो.

रात्रीची माहिती मुलाला विचारून मिळत नाही. तो दुसऱ्या खोलीत झोपलेला असतो. सुनेला थोडी असते. पक्की माहिती असते ती ब्युरोच्या मावशींना, म्हणून शक्य असेल तर त्यांना सोबत आणा असं सांगतो. त्या सरळ सांगतात: ‘दोनदा उठतात, तिसऱ्यांदा अंथरुणात होतं. चारनंतर झोपत नाहीत. कडी काढायला बघतात.’ या चार गोष्टींत आमचा अर्धा अर्ज भरून होतो. आम्ही विचारतो ते असं: रात्री लघवीला किती वेळा उठतात, हाक मारतात की गुपचूप उठतात, दिवा लागतो का, डायपर चालतो की ओढून काढतात, कोणी शेजारी झोपतं का, कोणाला शोधत फिरतात का. आणि दिवेलागणीला काय होतं? स्मृतिभ्रंशाच्या माणसाला बऱ्याचदा संध्याकाळी अस्वस्थ व्हायला होतं. पन्नास वर्षं त्याच घरात राहिलेली बाई पदर खोचून म्हणते, ‘चला, मी आता घरी जाते.’ अशा माणसाला चालता येतं, जेवता येतं, बोलता येतं. सहापैकी पाच गुण मिळतात आणि कागदावर स्वावलंबी होतो. सगळ्यात जास्त चुकीचे प्रवेश याच गटात होतात.

संस्था नाही म्हणते तेव्हा घरच्यांना ती निर्दय वाटते. हिशेब असा आहे. वीस जणांचा मजला धरा, सोळा उठून जाणारे, चार अंथरुणातले. सोळा जण रात्रीतून दोनदा उठले आणि उठवणं, नेणं, स्वच्छ करणं, परत निजवणं यात दहा मिनिटं गेली, तर ३२० मिनिटं झाली. चौघांना शय्याव्रण (एका कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. त्याला दोघी लागतात, चार वेळा, दहा-दहा मिनिटं. तेही ३२०. दोन मावशींच्या आठ-आठ तासांची मिळून ९६० मिनिटं होतात, म्हणजे उरली पुन्हा ३२०. त्यात पाणी, औषध, कोणाचं दुखणं, कोणाचं रडणं. आता रात्रभर फिरणारा एकच माणूस या मजल्यावर आला, तर त्याच्यामागे एक मावशी पूर्ण रात्र, ४८० मिनिटं. कूस बदलायची राहते, आणि ते चार दिवसांनी कोणाच्या तरी माकडहाडावर लाल डाग होऊन दिसतं. म्हणून स्मृतिभ्रंशाचा विभाग वेगळा असतो, तिथे माणसं जास्त असतात आणि दरही जास्त असतो. ज्या संस्थेकडे असा विभाग नाही तिने नाही म्हणणं हेच बरोबर आहे. ‘घेऊ की, बघू’ म्हणणाऱ्या जागेपासून सावध राहावं. तिथे रात्री काय देऊन झोपवतात ते विचारावं.

गोंधळ अचानक, गेल्या आठ-दहा दिवसांत सुरू झाला असेल तर प्रवेशाच्या आधी डॉक्टर. रक्तातलं सोडियम उतरलं किंवा लघवीला जंतुसंसर्ग झाला की म्हातारं माणूस बरळायला लागतं, ओळख विसरतं, रात्रभर जागतं. उपचारांनी ते भानावर येऊ शकतं. अशा माणसाला स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारून आणलेलं असतं. म्हणून तपासण्यांच्या यादीत छातीचा एक्स-रे, रक्ताची सर्वसाधारण तपासणी, साखर, क्रिएटिनिन, लघवी आणि ईसीजीबरोबर सोडियम-पोटॅशियमही आम्ही आवर्जून मागतो. एक्स-रे क्षयाची शंका फेडायला.

भेटीतला वीस मिनिटांचा भाग आम्ही आजी किंवा आजोबांशी एकट्याने बोलतो. मुलांना बाहेर बसवतो. इथे कशासाठी आलात, हे त्यांनाच विचारायचं. ‘डॉक्टरांना दाखवायला’ किंवा ‘घराला रंग देईपर्यंत’ असं उत्तर आलं तर त्या दिवशी प्रवेश होत नाही. फसवून आणलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून बॅग भरून दाराशी बसतो, जेवण सोडतो आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पत्ता लिहिलेली चिठ्ठी देतो. ज्यांचं भान ठीक आहे त्यांनी स्वतः हो म्हटलं पाहिजे, अर्जावर सही त्यांची हवी. त्यातून ‘आधी पंधरा दिवस राहून बघते’ असं म्हणणाऱ्यांना तात्पुरता प्रवेश द्यावा. तेवढ्यात पंखा, चहा आणि शेजारीण या तीन गोष्टी कळतात. हसू नका. तक्रारवहीतली निम्मी पानं पंख्याच्या वेगाने भरलेली असतात.

कागदांत आधार, पॅन, रेशन कार्ड, फोटो, तपासण्या, चालू औषधांची चिठ्ठी आणि हमीपत्र. हमीपत्र ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसह. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने १०० रुपयांचा दर ५०० केला. आणि घरात पडून असलेला, सहा महिन्यांहून जुना मुद्रांक चालत नाही. यात खरी मेख आहे ती जबाबदार नातेवाइकांच्या सह्यांची. आम्ही दोन मागतो आणि त्यातला एक तासाभरात पोचू शकेल असा हवा. मुलं परदेशात असली की शेजारी, भाचा किंवा मित्र भिडेखातर सही करतात. कशावर केली ते वाचलेलं नसतं. त्यावर लिहिलेलं असतं की रुग्णालयात दाखल करताना मी येईन, अनामत भरेन, संमतीची सही करेन, शुल्क थकलं तर मी जबाबदार, निधन झाल्यास देह ताब्यात घेईन. सही घेण्यापूर्वी आम्ही हे मोठ्याने वाचून दाखवतो. काहीजण तिथेच पेन खाली ठेवतात, ते बरं. दरवर्षी पत्ता आणि फोन नव्याने तपासावे लागतात, कारण भाचा बंगळुरूला गेलेला असतो.

पैशांचे चार वेगळे खिसे धरावेत: परतीची अनामत, देणगी, मासिक शुल्क आणि वरखर्च. अनामत बिनव्याजी असते, आणि ती खोलीची किंमत नसते. तिच्यातून राहण्याची मुभा मिळते, मालकी नाही, वारसाहक्क नाही. ती कोणाला परत द्यायची याचं नाव प्रवेशाच्या दिवशीच लेखी द्यावं. नाव नसेल तर तीन भावंडं तीन पत्रं पाठवतात आणि संस्थेला वारसाचा दाखला मागण्यावाचून गत्यंतर उरत नाही. किती दिवसांत परत, त्यातून काय कापणार, सोडताना किती आधी कळवायचं, रुग्णालयात असतानाचं शुल्क पूर्ण की अर्धं, दरवर्षी वाढ किती, हे पाच प्रश्न विचारून उत्तरं लेखी घ्यावीत.

देणगीची पावती आणि शुल्काची पावती वेगळ्या असतात. मासिक शुल्क ‘देणगी म्हणून दाखवा, ८०जीला लागेल’, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीला, अशी विनंती येत राहते. सेवेच्या बदल्यात घेतलेले पैसे देणगी होत नाहीत. तशी पावती देणारी संस्था उद्या तुमच्याबाबतीतही कागद वाकवेल. खऱ्या देणगीतसुद्धा रोख २,००० रुपयांवरच्या रकमेला ८०जीची वजावट मिळत नाही. जीएसटीचं गणित बरेच चुकवतात: आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात, साठी ओलांडलेल्या निवासींकडून राहणं, जेवण आणि देखभाल मिळून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत घेतले तर कर नाही. ही सवलत २०१८ची. त्यावर गेलं की ती मिळत नाही. संस्था खरंच विश्वस्त संस्था आहे का, हे धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणी क्रमांकावरून बघता येतं. पाटीवर ‘सेवा’ लिहिलेली प्रत्येक जागा नोंदलेली नसते.

वरखर्चात डायपर सगळ्यात मोठा. दिवसाला तीन धरले तर महिन्याला नव्वद, जुलाब लागले तर शंभराच्या वर. मापाप्रमाणे एकाला तीस-पन्नास रुपये पडतात. मोठं माप घ्यायचा मोह टाळावा. मांडीशी सैल राहतं, गळतं, आणि मग रात्री चादर बदलायला वीस मिनिटं जातात.

बँकेचं काम माणूस घरी असतानाच उरकावं. पेन्शनच्या खात्याचा मोबाइल क्रमांक मुलाचा आणि मुलगा न्यूजर्सीत. ओटीपी तिथे पहाटे वाजतो, इथे बँकेच्या काउंटरवर वेळ संपते. खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असं करून घ्यावं. मुखत्यारपत्र पुरेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण देणारा सारासार समजण्याच्या स्थितीत असेपर्यंतच ते चालतं. स्मृतिभ्रंश पुढे गेल्यावर त्याच्यावर विसंबता येत नाही आणि पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेची सोय आहे: हाताचा किंवा पायाचा अंगठा, दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा अधिकारी. शाखेत हे माहीत नसलं तर शांतपणे वरिष्ठांना भेटावं. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याला बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्र नाकारतं. चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय वापरावी.

पैसेच नसतील तर वाट वेगळी. साठी ओलांडलेल्या पालकांना २००७च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात निर्वाहासाठी अर्ज करता येतो. साध्या कागदावर, वकिलाशिवाय. नोटीस गेल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित, मर्यादा महिन्याला १०,००० रुपये. त्याच कायद्याचं कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रमाची भाषा करतं, पण ‘काढू शकेल’ अशा शब्दांत. त्या ‘शकेल’मध्ये बरीच वर्षं गेली. कलम २३ घर देऊन बसलेल्यांसाठी: सांभाळण्याच्या अटीवर केलेलं बक्षीसपत्र, अट मोडली तर रद्द करून मागता येतं. अट मात्र कागदावर शब्दांत लिहिलेली हवी. ‘आपलाच मुलगा आहे’ म्हणून ती वगळली की सिद्ध करताना दमछाक होते. पासष्टीनंतर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते.

आता सामान. कपड्यांचे सात-आठ जोड, प्रत्येकावर नाव; पेनाने लिहिलेलं चार धुण्यांत जातं, कापडी पट्टी शिवून घ्यावी. कवळीच्या डबीवर, चष्म्याच्या दांडीवर, श्रवणयंत्राच्या पेटीवर नाव. मागे पट्टा असलेल्या चपला. सपाता घरी ठेवाव्यात. काठी किंवा वॉकरच्या टोकाचे रबरी बूट उलटे करून बघावेत, गुळगुळीत झाले असतील तर बदलावेत. दागिने नकोत. नेहमीची गोधडी, तांब्या-भांडं, देवाची लहान तसबीर जरूर हवी; नवीकोरी चादर पाठवण्यात प्रेम असतं, पण रात्री हाताला ओळखीचं लागत नाही. औषधं मूळ पाकिटांत, महिन्याभराची. डबीत काढून आणू नयेत, कारण गोळी कोणती ते आम्हाला ओळखता येत नाही. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी दिलेली रक्तदाबाची एकच गोळी दोनदा चालू असल्याचं इथेच सापडतं.

खाटेची दिशा घरच्यांनी सांगावी, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. माणूस घरी पलंगाच्या उजव्या अंगाने उतरत असेल आणि इथे खाटेची उजवी बाजू भिंतीला लागलेली असेल, तर झोपेत तो भिंतीकडे उतरायला जातो. मग उलट वळतो, पाय गोधडीत अडकतो. पहिल्या पंधरवड्यातली पडझड बरीचशी अशीच होते. घरी संडास कुठल्या हाताला होता, दिवा कुठे होता, हे विचारून आम्ही खाट फिरवून घेतो, उशाशी मंद दिवा ठेवतो, खाटेची उंची अशी की बसल्यावर तळपाय फरशीला टेकतील.

‘पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका, म्हणजे रुळतील’ असं काही ठिकाणी सांगतात. आम्हाला ते पटत नाही. रोज येऊन तीन तास बसणंही उपयोगाचं नाही. ठरावीक वार, ठरावीक वेळ, दुपारी चहाच्या सुमाराला. दिवेलागणीला निरोप घेऊ नये. ‘पुढच्या आठवड्यात नेतो’ असं खोटं सांगू नये, ते नेमकं लक्षात राहतं.

आजारपणात रात्रीची परीक्षा खरी होते. संस्था १०८ला किंवा ठरलेल्या रुग्णवाहिकेला फोन करते, सोबत एक माणूस देते, पण तो काही तासांपुरता. मजल्यावर परत लागतो. रुग्णालयात उशाशी बसायला घरचं माणूस किंवा ब्युरोची मावशी हवी. म्हणून प्रत्येक निवासीची एक पातळ फाइल कपाटाच्या वरच्या खणात तयार असते: आधारची प्रत, विम्याचं कार्ड, सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (पाच लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही, पण योजनेतलंच रुग्णालय हवं), औषधांची यादी, ॲलर्जी, शेवटचा ईसीजी. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवलेला असेल तरच मध्यरात्री त्याचा उपयोग. कृत्रिम श्वासावर ठेवायचं की नाही, याबद्दल आजोबांची इच्छा असेल तर तीही लेखी हवी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली आहे, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हा कागद मुलांनी काढायचा नसतो, ज्याचा जीव त्यानेच.

रुग्णालयातून परत येणारा माणूस बऱ्याचदा गेला होता तो नसतो. नाकातून नळी, लघवीची पिशवी, पाठीला व्रण घेऊन येतो आणि स्वावलंबी खाट त्याला पुरत नाही. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी संस्थेला कळवावं. परिचारिका जाऊन बघते, सहा गोष्टींना पुन्हा गुण देते आणि मजला बदलायचा का ते ठरतं. दारात रुग्णवाहिका उभी करून हा निर्णय होत नाही, तरी तसं घडतं.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस आम्ही तोच अर्ज पुन्हा काढतो. वजन किती उतरलं, किती वेळा पडले, कोण भेटायला येतं, हमीपत्रावरचा फोन लागतो का. समासातला पेन्सिलीचा मजकूर मात्र आता मुलाला विचारत नाही. रात्रपाळीच्या मावशी सकाळी आठला घरी निघतात, त्याच्या आधी पंधरा मिनिटं गाठून त्यांना विचारतो, आणि मग पेनाने लिहितो.